वर्षभरात ३०० प्रजाती: नोंद की नुसती पळापळ?

बालाघाटी
इथल्याच एका सभासदाची कालची पोस्ट: "यंदा मराठवाड्यात पक्षी, प्राणी, सरपटणारे मिळून ३०० प्रजाती करायच्याच. कुठं काय दिसलं की लोकेशन टाका, लगेच निघतो."
निघूच नका. गेल्या उन्हाळ्यात आमच्या माळावर धाविक पक्ष्याची जोडी अंड्यांवर होती. कुणीतरी ग्रुपवर जागेची पिन टाकली. रविवारी गाड्या थेट माळात. धाविक काही घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. पुढं काय झालं ते सांगत नाही. फोटो मात्र झकास आले म्हणे. एकच माळ धरून बारा महिने बघा, मग कळेल तिथं कोण राहतं.

पैठणची दुर्बीण
पोस्ट माझीच. गाड्या माझ्या नव्हत्या.
'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल चाळा. ९४२ प्रजाती, ३ कोटींच्या आसपास नोंदी, आणि त्या केल्या कुणी? आमच्यासारख्या हौशी लोकांनी. माळरानाचे पक्षी घटतायत हे त्यातूनच ठळक झालं. नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, १९८६ पासून अभयारण्याचा कागद आहे, थंडीत पट्टकदंब हे पाहुणे हंस बघायला अख्खा जिल्हा लोटतो. तुमच्या माळाला कुठला कागद? सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला नालायक जमीन. उद्या तिथं सोलरचे पत्रे आले तर दाखवायला नोंद तरी लागेल ना?

काळ्या मातीतला
प्रजाती मोजायलेत व्हय? मग आमचे रोही, म्हणजे नीलगाई, मोजा. हरभरा घाट्यात आला की रोज रात्री कळप. खातात थोडं, लोळून नासतात जास्त. पंचनाम्याला माणूस आला तवर मी पेंढ्या बांधून मोकळा झालो होतो. म्हणला, नुकसान दिसत नाही!

माजलगावकर
कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावा.

काळ्या मातीतला
लावलं. डुकरं खालून जातात. जुन्या साड्या बांधल्या, आठ दिवसांत सरावली.

बालाघाटी
लांडगे संपवले की दुसरं काय होणार?

काळ्या मातीतला
लांडगा रोह्याच्या नादी कशाला लागंल, शेळी सोडून? तुमच्या दारातली करडं गेली का कधी? बोलायलेत नुसतं.

नायगाव परिसर
आमच्याकडं मयूर अभयारण्य. मोरानं भुईमूग उकरला तर तक्रार करायची पण लाज वाटते, राष्ट्रीय पक्षी पडला!

माजलगावकर
भोरड्या पक्ष्यांचं पण तेच. आधी ज्वारीला माचाणावर गोफण घेऊन बसायचो. आता सगळं सोयाबीन, गोफण पोरांना माहीत नाही.

बालाघाटी
भोरडी टोळही खाते, तेवढं सांगायचं राहिलं.

माजलगावकर
हुरड्याच्या दिवसांत तुमचं पुस्तक तिला वाचून दाखवा मग.

पैठणची दुर्बीण
विषय लोकेशनचा होता! पक्षीनोंदीच्या ई-बर्ड अॅपवर माळढोकाची जागा लपवलेली असते. आय-नॅचरलिस्टही संकटग्रस्त प्रजातींची जागा वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर करतं. गळती होते ती व्हॉट्सअॅपवरून. तेव्हा घरट्याची पिन नको, मान्य. बाकी प्रवचन नको.

बालाघाटी
केवढं मोठं मन! आणि स्पीकरवर त्याचाच आवाज वाजवून रातवा पक्ष्याला बाहेर काढता, त्याचं काय? विणीच्या दिवसांत तो बिचारा दुसरा नर आला म्हणून भांडायला येतो, तुमची यादी एकानं वाढते.

पैठणची दुर्बीण
मी वाजवत नाही.
विणीत तर नाहीच.

बालाघाटी
म्हणजे एरवी वाजवता.

काळ्या मातीतला
भांडू नका. दोघंबी माझ्या रानात जागलीला या. रोही, डुक्कर, कोल्हा, सायाळ, सगळं फुकट दिसंल. तुमची यादी भरंल, माझी एक रात्र झोप होईल.

पैठणची दुर्बीण
डुक्कर, कोल्हा झालेत. सायाळ नक्की येते का? साधारण किती वाजता?