मदत हवी आहे: ‘फ्लाय ऑफ द हँडल’ला मराठीत काय म्हणावं?

एका कथेचा अनुवाद करतेय, तिथे ‘ही फ्लू ऑफ द हँडल’ या वाक्याशी अडले आहे. अर्थ माहीत आहे: क्षुल्लक कारणावरून एकदम ताबा सुटणं. मूळ चित्र कुऱ्हाडीचं. दांड्यातली पाचर ढिली झाली की घाव घालतानाच पातं निसटून भिरकावलं जातं, आणि ते कुणाला लागेल याचा नेम नसतो. हा वाक्प्रचार उत्तर अमेरिकेतला. नोव्हा स्कोशियाचे लेखक थॉमस चँडलर हॅलिबर्टन यांनी 1840च्या दशकात तो सॅम स्लिक या पात्राच्या तोंडी घातला आहे.

‘पायाची आग मस्तकात जाणे’ वापरून पाहिलं, पण त्यात राग खालून वर चढत जातो. इथे तो क्षणात सुटतो. ‘भडका उडणे’ अर्थाला जवळचं, पण आगीचं. ‘तोल सुटणे’ फारच सौम्य वाटतं. ‘माथं फिरणे’ सध्या ठेवलंय, मन मात्र मानत नाही.

अडचण अशी की माझ्या कथेतलं हे पात्र सुतार आहे आणि पुढच्याच ओळीत त्याच्या हातात खरोखर कुऱ्हाड आहे, म्हणजे लेखकाने शब्द मुद्दाम निवडलाय. तळटीप देता येणार नाही. वाक्य संवादातलं आहे, त्यामुळे बोलीतला शब्दही चालेल.

सुतार, लोहार किंवा शेतकऱ्यांच्या बोलण्यात अवजार निसटण्यावरून रागासाठी एखादा वाक्प्रचार तुम्ही ऐकलाय का? नसेल, तर ‘त्याची पाचरच निसटली’ असं लिहिलं तर वाचताना राग कळेल, की वेड लागल्यासारखं वाटेल?