टायगर मॉथमध्ये प्रवासी पुढे बसतो

इंग्लंडमध्ये दोन सीटच्या स्पिटफायरमध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानात, पैसे भरून मागे बसायचं, अर्ध्या तासाचे तीन लाखांच्या वर मोजायचे आणि दिसणार काय, तर पंख अन् पायलटचं डोकं, हे चाळीसगावकर भाऊंचं म्हणणं पटलं. पण म्हणून सगळीच जुनी विमानं बाद करू नका. लेकीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा जावईबापूंनी डक्सफर्डच्या विमानतळावर टायगर मॉथमध्ये, म्हणजे वरखाली दोन पंख असलेल्या जुन्या उघड्या शिकाऊ विमानात बसवलं. खर्च स्पिटफायरच्या पासंगालाही पुरत नाही. यात उलटं असतं: प्रवासी पुढे, पायलट मागे. एकट्याने उडवतानाही पायलट मागेच बसतो, वजनाचा तोल तसाच साधलेला आहे. स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवून १३० अश्वशक्तीचं इंजिन चालू करतात. समोर वीतभर काच. डोकं जरा बाजूला काढलं की वारा गॉगल ओढतो. पंखाचं कापड अन् ताणलेल्या तारा थरथरताना अगदी जवळून दिसतात. भुसावळच्या उन्हात पिकलेला माणूस मी, ऑगस्टमध्ये दोन स्वेटर घालूनही कुडकुडलो.

आपल्या हवाई दलाकडेही टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा ही जुनी विमानं पुन्हा उडती केलेली आहेत, पण ती संचलनासाठी. तिकीट काढून बसायची सोय तिथे नाही, तेव्हा त्यासाठी दिल्लीची गाडी पकडू नका.