तुलना करताना विचारण्याची पद्धतही बघा
अन्नावरचा खर्च निम्म्याखाली आला म्हणजे खेड्यात सुबत्ता आली, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागाचा दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला आणि त्यात अन्नाचा वाटा साधारण ४६ टक्के, हे खरं. पण २०११-१२ च्या अशाच पाहणीशी तुलना करताना एक गोष्ट राहून जाते. आधी सगळी प्रश्नावली एकाच भेटीत उरकत. या वेळी अन्न, रोजच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांसाठी तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीन फेऱ्या झाल्या. (मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल तर सरकारने दर्जाचं कारण देऊन २०१९ मध्ये रोखूनच धरला.)

एका भेटीऐवजी तीन फेऱ्या केल्याने काय फरक पडतो? मी एकदा आईला महिन्याचा खर्च विचारला. किराणा, दूध, गॅस तोंडपाठ. मग कंटाळून म्हणाली, "बाकी किरकोळ." त्या किरकोळात मोबाइल रिचार्ज, रिक्षा, दोन लग्नांचे आहेर आणि भाचीच्या क्लासची फी निघाली! एकाच भेटीत असं राहून जाणारं वेगवेगळ्या फेऱ्यांत नोंदलं जाऊ शकतं, म्हणजे आकड्यातला काही फरक विचारण्याच्या पद्धतीचाही असू शकतो. आणि हो, स्वतःच्या घराचं मानीव भाडं (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर किती द्यावं लागलं असतं, तो अंदाज) या खर्चात धरत नाहीत, त्यामुळे शहरातल्या भाडेकरूचा आणि घरमालकाचा आकडा शेजारी ठेवतानाही जपून.