शांत काळ की साचलेपण? कसे ओळखावे?

प्रश्न
प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. बाप्तिस्मा घेऊन मला 14 वर्षे झाली. उपासना चुकत नाही, रोजचे शास्त्रवाचनही होते; तरीही गेल्या दोन वर्षांत एखाद्या वचनापाशी मन अडले किंवा डोळे भरून आले, असे आठवत नाही. प्रत्येक गोष्टीला तिचा काळ असतो या बायबलच्या उपदेशक 3 मधील शब्दांचा आधार घेऊन मी मनाची समजूत घालतो, पण लावदिकीया येथील मंडळीच्या कोमटपणाविषयी (ना थंड, ना उष्ण अशा विश्वासाविषयी) प्रकटीकरणात जे म्हटले आहे ते माझ्यासाठीच आहे की काय, अशी भीतीही वाटते. देवाने दिलेला शांत काळ आणि माझ्या हलगर्जीपणामुळे आलेले साचलेपण यांतला फरक कसा ओळखावा?

उत्तर 1
बंधू, एका जागी थांबणे हा मुळात दोष नाही. देवाच्या उपस्थितीचा मेघ निवासमंडपावर (उपासनेच्या तंबूवर) दोन दिवस राहो, महिना राहो की वर्ष, तोवर इस्राएल लोक तळ हलवत नसत, असे गणना 9 मध्ये आहे. सीनाय पर्वतापाशी ते जवळजवळ 11 महिने राहिले आणि त्याच मुक्कामात त्यांना नियमशास्त्र मिळाले. पुढे मात्र त्याच डोंगराविषयी देव म्हणतो की येथे तुमचे राहणे पुष्कळ झाले (अनुवाद 1:6). म्हणून ‘मी थांबलो आहे का’ यापेक्षा ‘निघण्याची आज्ञा होऊनही मी तंबू काढलेला नाही, असे काही आहे का’ हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. मला एका नातलगाला क्षमा करायची होती. ते कळत असूनही मी तीन वर्षे फक्त वाचन वाढवत राहिलो, आणि वाचनातली गोडी नेमकी त्याच काळात गेली.

उत्तर 2
16व्या शतकातील संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी यावर फार बारकाईने लिहिले आहे. देवाकडून येणाऱ्या शुष्कतेत माणसाला देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगाच्या गोष्टींतही वाटत नाही, आणि आपण देवापासून मागे सरकत आहोत ही चिंता त्याला सोडत नाही. कोमट माणसाला ती चिंताच नसते. तुमच्या प्रश्नात ती आहे. शिवाय थकवाही तपासा: मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोप व अन्न दिले, प्रश्न नंतर विचारला.

उत्तर 3
वरील उत्तराशी मी अंशतःच सहमत आहे, कारण चिंता वाहत राहूनही माणूस वर्षानुवर्षे काहीच न करता राहू शकतो. लूक 13 मधील निष्फळ अंजिरासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो ते नुसते वाट पाहण्यासाठी नव्हे, तर भोवती खणून खत घालण्यासाठी. इब्री 5:12 मध्येही तक्रार हीच आहे की एव्हाना ज्यांनी शिक्षक व्हायला हवे होते त्यांना अजून दूधच, म्हणजे प्राथमिक शिकवणच, लागते. तुम्ही घेत आहात. देत कोणाला आहात? आणि हा निर्णय एकट्याने करू नका, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याला विचारा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. दोन वर्षांपूर्वी पाळकांनी मला संडे स्कूलमधील मुलांना शिकवायला सांगितले होते आणि वेळ नाही म्हणून मी नकार दिला होता. या दोन गोष्टींचा संबंध मी आजवर कधी जोडला नव्हता. या रविवारी मी त्यांना भेटणार आहे.