नवऱ्याचे तीन महिने
बाळासाठी प्रयत्न करताना काय बदलावं, यावर जवळजवळ सगळे सल्ले बायकोलाच असतात. नवरोबांचं काय? शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. म्हणजे आज सिगारेट सोडली तरी फरक पडायला अडीच-तीन महिने जाणार. आमचे हे रोज रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तो टेबलावर ठेवायला लावला. अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमीच तापमान लागतं म्हणे. दारू तर दोघांनीही बंद.

बायकोनं घ्यायच्या फोलिक अ‍ॅसिडला (हे एक ब जीवनसत्त्व) मात्र उशीर नको. रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

आणि ते गर्भ राहण्याच्या दिवसांच्या कॅलेंडरवर खुणा करून 'आजच हं!' म्हणणं... दोन महिन्यांत वैतागलो आम्ही. पाळी संपल्यावर दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले की पुरतं. बायकोची पस्तिशी उलटली असेल तर वर्षभर वाट बघत बसू नका, सहा महिन्यांनी डॉक्टरांना गाठा. दोघांनी जा, एकटीनं नाही.