घुशींच्या पंगतीत हरीण?

कोरांटी: 'किंग लिअर'मध्ये (अंक ३, प्रवेश ४) वेड्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की सात वर्षं उंदीर, घुशी आणि 'स्मॉल डिअर' एवढंच खाणं होतं. इथे हरीण कुठून आलं? आणि अनेकवचनात 'डिअर्स' का होत नाही?

तळटीप: हरीण नाहीच ते. तिथे 'डिअर' म्हणजे जनावर. जुन्या इंग्रजीत 'देओर' हा शब्द जनावराला, त्यातही रानटी जनावराला, सर्रास वापरत. जर्मन 'टीअर' आणि डच 'डीर' आजही 'प्राणी' याच अर्थी आहेत. पुढे फ्रेंचमधून 'बीस्ट' आणि लॅटिनमधून 'अ‍ॅनिमल' आले, मोठा अर्थ त्यांनी घेतला आणि 'डिअर'कडे शिकारीचं मुख्य जनावर तेवढं उरलं. शेक्सपियरच्या काळापर्यंत हा बदल होऊन गेला होता. पण ती ओळ त्याची नाहीच, 'बेव्हिस ऑफ हॅम्प्टन' या मध्ययुगीन काव्यातून आली आहे, म्हणून जुना अर्थ टिकला.

शाखामृग: आपला 'मृग' हुबेहूब याच वाटेने गेला. ऋग्वेदात (१.१५४) विष्णूला 'मृगो न भीमः' म्हटलंय, ते हरणासारखा म्हणून नव्हे! मृगया म्हणजे कुठलीही शिकार, मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड. मृगाचा किडा मात्र यात ओढू नका, तो नक्षत्रावरून.

तळटीप: अनेकवचनाचं राहिलं. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी नामाचं अक्षर लघू असेल तर 'उ' लागे ('शिप'चं 'शिपु'), गुरू असेल तर काहीच नाही. 'देओर' गुरू. 'हाउस'ही तसाच होता, त्याला नंतर इतरांच्या देखादेखी 'स' चिकटला. शीप, स्वाइन, डिअर वाचले.

कोरांटी: ग्रीक 'थेर' म्हणजेही श्वापद. तोच शब्द ना?

तळटीप: इथेच बरेच जण घसरतात. ग्रीक 'थ' आणि इंग्रजी 'ड' जुळतात खरे ('थुगातेर' आणि 'डॉटर'), पण या 'थ'चं मूळ वेगळं. लॅटिन 'फेरुस' आणि लिथुएनियन 'झ्वेरिस' शेजारी ठेवले की मूळ 'घ्व'सारखं होतं हे दिसतं, आणि त्यापासून इंग्रजीत 'ड' येत नाही. 'डिअर'चं मूळ बहुधा 'श्वास घेणे' या धातूत आहे. 'अ‍ॅनिमल'मधला 'अ‍ॅनिमा' म्हणजेही श्वासच.

शाखामृग: 'विल्डरनेस'च्या पोटातही तोच 'देओर' बसलाय: वाइल्ड, डिअर, नेस. रानटी जनावरांची जागा.