अडीच महिन्यांचं बाळ: झोळी, राईची उशी आणि घट्ट दुपटं

अंगाई: बाळ झोळीत तीन-तीन तास झोपतं, गादीवर ठेवलं की दहा मिनिटांत जागं. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आहे. उताणं झोपवलं तर दूध उलटून घशात अडकेल, असं घरचे म्हणतात. नागपूरचा उन्हाळा, कूलर चालू. रात्री नेमकं काय ठेवू, काय काढू?

दुपटं-लंगोट: उताणंच झोपवा. उताण्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, म्हणून उलटून आलेलं दूध खालीच साठतं आणि बाळ ते गिळून टाकतं. पालथं केलं की हेच उलटं होतं. अमेरिकेत १९९४ पासून 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम चालली आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

खरी काळजी झोळीची. कापड मध्ये खोल जातं, पाठीची कमान होते, मान पुढे वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. या वयात श्वासाची वाट मऊ असते, ती दबली तरी बाळ रडत नाही, आवाजही येत नाही. म्हणून झोळी फक्त शांत करायला, तीही तुमच्या नजरेसमोर. डोळा लागला की गादीवर घ्या. हात उचलून सोडला आणि तो लुळा पडला, म्हणजे झोप गाढ. आधी बूड टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं, आणि मिनिटभर छातीवर तळहात राहू द्या. घाईत डोकं आधी टेकलं की बाळ दचकतं.

गोधडी: राईची उशी आजच काढा. तिने मान वाकते, आणि शिवण उसवली तर दाणे थेट नाकातोंडाशी. वर्षभर कुठलीच उशी नको. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून रोज रात्री गादीवर डोक्याची आणि पायाची बाजू बदला, बाळ आपसूक दुसरीकडे मान वळवतं. जागेपणी दिवसातून दोन-तीन वेळा तीन-पाच मिनिटं पालथं घाला, तुम्ही समोर बसून.

गादीवर मूठ दाबा, खळगा राहिला तर ती फार मऊ. चादर ताणून खाली खोचा. दुपटं छातीपाशी दोन बोटं जातील इतकं सैल, कमरेखाली मोकळं, पाय बेडकासारखे दुमडता यायला हवेत. कुशीवर वळायची धडपड दिसली की दुपट्यात गुंडाळणं बंद.

अंगाई: हातपाय गार लागतात, टोपडं घालू का?

दुपटं-लंगोट: नको. हातपाय गार असतातच. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा. कूलरचा झोत भिंतीकडे वळवा. आणि धुरीची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळ्यातला काळा दोराही रात्री काढून ठेवा.